बर्फाखालची बाग आणि ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

हिमाचल आणि काश्मीरमध्ये हिवाळ्यात सफरचंदाच्या बागांवर बर्फाचा पातळ थर बसतो. पाने गळालेली, फांद्या काळ्या. बाग मेली असे वाटते. पण सफरचंदाच्या अनेक जातींना सुमारे १००० तासांची थंडी मिळाल्याशिवाय वसंतात नीट फुलोरा येत नाही. त्या काळात बागवाला झाडाला आळशी म्हणत नाही.

ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला मात्र आपण सहज म्हणतो, "किती दिवस पडून राहणार?"

आपल्या वस्तीत सिझेरियन, हर्निया, गर्भपिशवीची ऑपरेशने घरोघरी झालेली आहेत. आठ-दहा दिवसांत टाके निघतात आणि बाई पाण्याचा हंडा उचलते, पुरुष हमालीला जातो. टाके निघणे म्हणजे वरची कातडी जुळणे. पोटाच्या आतल्या थराला बळ यायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधी जोर पडला तर तो थर उसवतो आणि त्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणून पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे भरलेला हंडा, गॅसची टाकी, सिमेंटची गोणी उचलू नये. आपल्या रुग्णाला नेमके किती दिवस, हे दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरात, गल्लीत थोडे थोडे चालावे. त्यामुळे पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. ताप, जखमेतून पू, एका पायाची पिंढरी सुजणे किंवा दम लागणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डोळ्यांसमोर हिरवे काही असले तर बरे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा वेदनेची जालीम औषधे कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. आपल्या दारात बर्फ पडत नाही, पण हिवाळा मेथीचा असतो. दुसऱ्या कुणीतरी डब्यात माती भरून द्यावी, रुग्णाने बी टाकावे आणि हात साबणाने धुवावेत. डब्याला खाली भोके हवीत, पाणी साचून डास नकोत. पहिली मेथी खुडून दुसरी वर येईल, तेव्हा सहा आठवडे होत आलेले असतील.

पण घरी बसले तर मजुरीचे काय? सफाई, सिक्युरिटी, कारखान्यात कंत्राटावर असाल तर पगारातून ईएसआय कापतात का ते पाहा. १९४८ च्या या कायद्याची पायाभरणी बाबासाहेब मजूर खात्याचे प्रमुख असताना झाली. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआय डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ती भीक नाही, हक्क आहे.

ज्यांना ही सोय नाही, त्यांचा भार घराने आणि शेजाऱ्यांनी वाटून घ्यावा. पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि एकमेकांची शुश्रूषा करा असे संघाला सांगितले. ही हकिकत विनयपिटकात आहे. रविवारी वंदनेला जमाल तेव्हा विचारा, या आठवड्यात कुणाच्या घरी पाणी भरायचे आहे?