मातीविना बटाटा : कर्ज काढण्यापूर्वी समजून घ्यावयाचे विज्ञान



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटायला आले. हातात रंगीत पत्रक होते. त्यावर पांढऱ्या पेट्या, पेट्यांत लोंबणारी मुळे आणि मुळांना लागलेले बटाटे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, "मातीविना शेती, बारमाही उत्पन्न". ते म्हणाले, "सर, कापसात काही उरत नाही. तीन एकर गहाण ठेवून हे करावं म्हणतो. मुलगा म्हणाला, आधी सरांना विचारा."

मी त्यांना म्हटले, "भाऊ, पंधरा दिवस द्या. मी वाचतो, मग बोलू." माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले आहे, तेव्हा भाषेत काही उणे राहिल्यास क्षमा असावी. परंतु हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून जे समजले ते सर्वांसाठी लिहितो.

प्रथम ही पद्धत काय आहे ते पाहू. हिला एरोपोनिक्स म्हणतात. हा शब्द १९५७ मध्ये फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने रूढ केला. झाडाला माती लागते ती आधारासाठी आणि पाणी, अन्नद्रव्ये व हवा मिळण्यासाठी. आधार दुसऱ्या कशाने दिला आणि बाकीच्या गोष्टी थेट मुळांना पुरविल्या, तर मातीविनाही झाड वाढते. रोप पेटीच्या झाकणाच्या छिद्रात बसवितात. पाने वर उजेडात, मुळे खाली अंधारात मोकळी लोंबतात. पंप ठराविक वेळाने मुळांवर अन्नद्रव्ययुक्त पाण्याचे धुके सोडतो. उरलेले पाणी खाली टाकीत जमा होऊन पुन्हा वापरले जाते. म्हणून पाणी फार कमी लागते. मुळांना हवा भरपूर मिळते, म्हणून वाढही जोमाने होते.

आता पत्रकातल्या बटाट्याकडे वळू. बटाटा आपण बियांपासून लावत नाही, बेण्यापासून लावतो. बेण्यात विषाणू असला तर तो पुढच्या पिकात उतरतो आणि दरवर्षी उत्पन्न घटत जाते. हे विषाणू पसरविण्याचे काम मुख्यतः मावा ही कीड करते. थंड, मावारहित काळात तयार झालेले बेणे चांगले, म्हणून पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-खेड भागातले शेतकरी खरिपाच्या बटाट्यासाठी पंजाबातून बेणे आणतात. मंचरच्या बाजारात त्याचे ट्रक उतरतात. आपल्या तेलंगणातही बटाट्याचा मुख्य भाग म्हणजे जहिराबाद, आणि तेथेही बेणे उत्तरेकडूनच येते. निरोगी बेण्याला मागणी आहे, ही गोष्ट खरी.

या मागणीसाठीच सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने धुक्यावर बेणे तयार करण्याचे तंत्र विकसित केले. ही संस्था १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झाली व १९५६ मध्ये सिमल्याला गेली. प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने विषाणुमुक्त रोपे तयार करतात, ती पेट्यांत लावतात आणि मुळांजवळ येणारे छोटे कंद दर आठ-दहा दिवसांनी हाताने काढून घेतात. नेटहाऊसमध्ये मातीत एका रोपाला साधारण ८ ते १० छोटे कंद मिळतात. पेटीत ३५ ते ६० मिळू शकतात. हरयाणात कर्नाल जिल्ह्यातील शामगड येथील केंद्रात असे बेणे तयार होते. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनेही या तंत्रासाठी करार केला. महाराष्ट्रात जळगावच्या जैन हिल्स येथे हवेतल्या बटाट्याचे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांना दाखविले गेले आहे. म्हणजे पत्रकातले चित्र खोटे नाही.

मग अडचण कोठे आहे? ती समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी एक गणित करावे. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट धुके, असे वेळापत्रक धरा. तासाला १२ वेळा, दिवसाला २८८ वेळा. तीन महिन्यांच्या पिकात जवळजवळ २६ हजार वेळा. करंट दोन तास गेला तर २४ पाळ्या चुकल्या.

आपली काळी जमीन एकदा भिजली की आठ-आठ, दहा-दहा दिवस कपाशीला ओलावा पुरविते. खत थोडे कमी-जास्त झाले तरी सांभाळून घेते. माती ही झाडाची बँक आहे. एरोपोनिक्समध्ये ही बँक आपण काढून टाकतो. झाडाच्या खात्यात शिल्लक अशी राहतच नाही, दर पाच मिनिटांनी कमवायचे आणि खायचे. म्हणून उत्पन्न जास्त, आणि म्हणूनच धोकाही जास्त.

हे केवळ पुस्तकी नको म्हणून नववीच्या मुलांनी विज्ञान खोलीत एक पेटी केली. जुना प्लास्टिकचा ड्रम, छोटा पंप, चार फवारे आणि पालकाची बारा रोपे. तीन आठवडे रोपे सुंदर वाढली. मुळे पांढरीशुभ्र, वीतभर. एका दुपारी दीड तास लाईन गेली. मुले जेवणाची सुट्टी संपवून आली तेव्हा पाने मान टाकून बसली होती. पाणी शिंपडून सात रोपे वाचली, पाच गेली. ड्रमभर पालकाचे नुकसान फार नाही. परंतु हीच दुपार गहाण टाकलेल्या तीन एकरांवर आली असती तर?

मोठ्या प्रमाणावर उभारणी करणाऱ्याला कोणत्या क्रमाने विचार करावा लागतो, ते आता सांगतो.

१) गिऱ्हाईक. बाजारात खाण्याचा बटाटा विकून या पेट्यांचा खर्च कधीच निघणार नाही. येथे बेणे तयार होते. १० हजार रोपांपासून प्रत्येकी ४० कंद धरले तर ४ लाख कंद होतात. ६० बाय २० सेंटीमीटर अंतराने लावले तर एकरी सुमारे ३४ हजार कंद लागतात, म्हणजे हा माल जेमतेम १२ एकरांचा. शिवाय हे कंद तीन ते दहा ग्रॅमचे असतात. ते नेटहाऊसमध्ये व शेतात आणखी दोन-तीन हंगाम वाढवावे लागतात, मग सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोचतात. ही मधली साखळी कोण सांभाळणार? जहिराबाद तर आपल्यापासून हैदराबादच्याही पलीकडे आहे.

२) थंडावा. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या आत असेल तर बटाटा चांगला पोसतो. आपल्याकडे हिवाळा अनुकूल आहे. आपल्याच जिल्ह्यात सिर्पूर (यू) येथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. परंतु मे महिन्यात हाच पारा ४५ च्या आसपास जातो. "बारमाही" म्हणजे उन्हाळाभर खोली आणि पाणी दोन्ही थंड ठेवणे. हे वीजबिल पत्रकात नव्हते.

३) वीज. दोन पंप, जनरेटर, इन्व्हर्टर आणि लाईन गेल्यावर वाजणारी घंटा, या वस्तू येथे पहिल्या दिवसापासून लागतात. रात्री दोन वाजता घंटा वाजली तर उठणारा माणूसही लागतो.

४) पाणी. बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर फवारे तुंबतात. पाण्याची तपासणी आधी, बांधकाम नंतर. पाण्याचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहामध्ये राहावा लागतो आणि तो रोज मोजावा लागतो. कॅल्शियमचे खत व फॉस्फेट-सल्फेटची खते घट्ट स्वरूपात एकत्र केली तर साका बसतो, म्हणून त्यांच्या टाक्या वेगळ्या ठेवतात. दहावीच्या मुलांनी हा प्रयोग परीक्षानळीत करून पाहावा.

५) रोग. एकच पाणी सर्व मुळांवरून फिरते. एका रोपाला मर लागली तर ती टाकीवाटे सर्वांना पोचू शकते. म्हणून आत जाणाऱ्याचे हात, पाय आणि कपडे स्वच्छ हवेत.

६) रोपे व परवाना. विषाणुमुक्त रोपे कोठून येणार? सिमल्याची संस्था हे तंत्र करार करून देते. विकणाऱ्याजवळ तो करार आहे का, तो दाखवावा.

यंत्र चालले म्हणजे धंदा चालला असे नाही, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. एरोफार्म्स ही २००४ मध्ये स्थापन झालेली कंपनी न्यूअर्क शहरात जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर याच पद्धतीने पालेभाज्या घेत असे. जगभर तिचे नाव झाले. परंतु जून २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुनर्रचना होऊन ती त्यातून बाहेर पडली, पण न्यूअर्कचे काम बंद झाले. पाने उगवत होती, पैशाचा मेळ बसला नाही.

काही पालक केशराबद्दलही विचारतात. बंद खोलीत ट्रेमध्ये केशर फुलविणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे कंद स्वतःतच साठविलेल्या अन्नावर फुलतो, मुळांवर धुके नसते. फुले येऊन गेल्यावर कंद पुन्हा पोसण्यासाठी बहुधा मातीतच लावावे लागतात. नाव एक सांगून वस्तू दुसरी विकली जात नाही ना, हे पाहावे.

पंधरा दिवसांनी ते पालक पुन्हा आले. आम्ही दोघांनी वरील सहा प्रश्न एका कागदावर लिहिले. त्यांनी ते त्या कंपनीच्या माणसाला विचारले. परवान्याचा कागद आणि माल विकत घेण्याचा लेखी करार, या दोन गोष्टी आजपर्यंत आलेल्या नाहीत. पट्टा-पासबुक अजून त्यांच्या घरीच आहे, याचे मला समाधान वाटते.

याचा अर्थ नवीन काही करूच नये असा नाही. आपले पूर्वज प्राणहिता ओलांडून या बाजूला वसले, ते भीत बसले नव्हते. पण नदीत उतरण्यापूर्वी काठीने खोली पाहण्याची रीत त्यांना ठाऊक होती. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांनी बेल्लमपल्लीच्या किंवा नदीपलीकडे सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. आधी एक पेटी एक हंगाम चालवावी, वहीत रोज नोंद ठेवावी, मग कर्जाचा विचार करावा.

विश्वस्त मंडळास विनंती की, विज्ञान खोलीतील पेटीसाठी एक इन्व्हर्टर व सामू मोजण्याचे यंत्र मंजूर करावे. यंदा मुले पालकाबरोबर बटाट्याची चार रोपेही लावणार आहेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पेटी पाहण्यास सर्व पालकांनी अवश्य यावे. नोंदवही मुलांच्याच हातात आहे, आणि त्यात गेलेल्या पाच रोपांचीही नोंद आहे.

आपला,
मुख्याध्यापक