उद्याची धास्ती

१ ऑगस्ट १९१४ची संध्याकाळ. फौजेच्या जमवाजमवीच्या हुकमावर कैसर विल्हेल्मने नुकतीच सही केली होती, तेवढ्यात लंडनहून जर्मन राजदूताची तार बर्लिनला आली. जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही, तर ब्रिटन तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही थोपवून धरील, असा तिचा सूर होता. कैसर हरखून गेला. सगळी फौज पूर्वेकडे, रशियाच्या अंगावर वळवा, असं त्याने लष्करप्रमुख मोल्टकेला सांगितलं. मोल्टके हादरला. लाखो माणसं, घोडे, तोफा आणि दाणागोटा वाहणाऱ्या आगगाड्यांचं वेळापत्रक एका रात्रीत फिरवलं, तर सीमेवर फौज पोचणार नाही, उपाशी हत्यारबंद माणसांचा जमाव पोचेल, असं त्याचं म्हणणं होतं. केवळ पूर्वेकडे लढण्याचा आराखडा जर्मन लष्कराने १९१३मध्येच बाद केला होता. त्याच रात्री ती तार गैरसमजातून आल्याचं उघड झालं आणि गाड्या ठरल्याप्रमाणे पश्चिमेकडे धावू लागल्या.

इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी या वेळापत्रकांनाच युद्धाचं कारण मानलं. मला ते अपुरं वाटतं. वेळापत्रक माणसं बनवतात, आणि ती कशाला तरी घाबरून बनवतात.

युद्धाचं मूळ कुठे शोधायचं, याचा सर्वांत सुटसुटीत नकाशा अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९मध्ये आखला. माणसाच्या स्वभावात पाहा, राज्याच्या घडणीत पाहा, किंवा राज्यांच्या डोक्यावर कोणीच नसलेल्या जगात पाहा. १९१४ला हे तिन्ही चष्मे लावता येतात. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप एकोणीस वर्षांचा होता. कैसर असा धरसोड वृत्तीचा की जुलैच्या सुरुवातीला त्याने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला आणि २८ जुलैला ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या खलित्याला सर्बियाने दिलेलं नमतं उत्तर वाचल्यावर ‘आता युद्धाचं कारणच उरलं नाही’ अशा निष्कर्षाला आला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. अनेक भाषा-वंशांचं ते साम्राज्य आतून फुटण्याच्या भयाने पछाडलेलं होतं आणि सर्बियाला धडा शिकवला नाही तर आपण संपलो, असं तिथले मंत्री मानत.

पण व्हिएन्ना आणि बेलग्रेडमधलं भांडण पॅरिसपर्यंत का पोचावं? इथे तिसरा चष्माच कामी येतो. प्रा. कंगले यांनी संपादित केलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र ज्यांनी चाळलं असेल, त्यांना १९१४चा युरोप ओळखीचा वाटेल. सीमेला लागलेला शेजारी हा अरी आणि शेजाऱ्याच्या पलीकडचा तो मित्र. राजाचं मुंडकं उडवणारा प्रजासत्ताक फ्रान्स आणि झारचा एकछत्री रशिया यांच्यात विचारांचं काडीचंही साम्य नव्हतं. तरी १८९४पर्यंत त्यांचा लष्करी करार झाला, कारण दोघांच्या मध्ये जर्मनी होता. पुढच्या शत्रूशी लढताना पाठीवर येणाऱ्याला कौटिल्याने ‘पार्ष्णिग्राह’, म्हणजे टाच धरणारा, असं नाव दिलं आहे. जर्मन सेनापतींची झोप उडवली ती याच टाच धरणाऱ्याने. त्यांचा तोडगा असा: रशिया अवाढव्य, त्याची फौज गोळा व्हायला वेळ लागणार, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून सहाएक आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं.

आता झारच्या जागी बसून पाहा. २९ जुलैला निकोलसने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर रात्री मागे घेतला, आणि ३० तारखेला सेनापती व परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या रेट्याखाली पुन्हा दिला. रशियन फौज जमवल्यावरही आठवडेच्या आठवडे आपल्या हद्दीत थांबू शकत होती. जर्मन आराखड्यात ती सोय नव्हती. तिथे जमवाजमव म्हणजेच लक्झेंबर्ग आणि बेल्जियममध्ये पाऊल. म्हणून पीटर्सबर्गला जी खबरदारी वाटली, ती बर्लिनला सुटलेला बाण वाटली. स्वतःला सुरक्षित करण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट समोरच्याला असुरक्षित करते, या कोंडीला जॉन हर्झ यांनी १९५०मध्ये ‘सुरक्षेचा पेच’ म्हटलं. पुढे रॉबर्ट जर्व्हिस यांनी दाखवलं की पहिला वार करणाऱ्याचा फायदा आहे असं दोघांनाही वाटत असेल, तर हा पेच सर्वांत जीवघेणा होतो.

व्यापाराने ही गाठ सुटली नाही. नॉर्मन एंजल यांनी १९१०च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात व्यापाराने बांधलेल्या जगात युद्ध जिंकणाऱ्याचाही तोटाच होतो, असा हिशेब मांडला होता. हिशेब बरोबर होता.

मग तोट्याचा सौदा सगळे का करतात? १९९५मध्ये जेम्स फिअरन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. युद्ध दोघांनाही महाग पडतं, म्हणजे आधीच तडजोड झाली तर दोघांचाही लाभ. तरी ती फिसकटते. एक तर दोघेही आपलं खरं बळ आणि खरा इरादा लपवतात. दुसरं, उद्या बलवान झाल्यावरही आजचा शब्द पाळीन, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. मला १९१४चं मर्म या दुसऱ्या उत्तरात दिसतं. रशियाचा लष्करवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७च्या सुमारास पुरा व्हायचा होता. फ्रेंच कर्जातून सीमेकडे जाणारे लोहमार्ग टाकले जाणार होते. दोन-तीन वर्षांनी शत्रू आवरणार नाही, असं मोल्टके १९१४च्या वसंतातच परराष्ट्रमंत्र्याला सांगत होता. चान्सेलर बेथमान-हॉलवेग तर होहेनफिनोच्या आपल्या वाडीत नवी झाडं लावायलाही नको म्हणाला, काही वर्षांत तिथे रशियन येणारच आहेत, असं सांगतात. व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे, हा विचार अशा मनात सहज रुजतो. यातून जर्मनीची जबाबदारी कमी होते असं मला वाटत नाही. भीती खरी असली तरी बेल्जियमवर चालून जाण्याचा निर्णय हा निर्णयच होता.

२९ जुलैच्या एका तारेत झारने सुचवलं होतं की ऑस्ट्रिया-सर्बियाचा तंटा हेगच्या लवादाकडे सोपवावा. त्या लवादाचा पाया १८९९मध्ये, झारनेच बोलावलेल्या परिषदेत घातला गेला होता. त्याच्यासाठी बांधलेला शांतता प्रासाद उघडून वर्षही झालं नव्हतं. इमारत होती, कायदा होता, पण आत जायला भाग पाडणारा कोणी नव्हता. सूचना तशीच विरली.

भीती पुढे सरकत राहिली. रशियाला बिचकून असलेल्या ऑटोमन तुर्कांनी २ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त करार केला आणि ऑक्टोबरअखेर काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. ६ नोव्हेंबरला ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेच्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड इराणी आखाताच्या टोकाला, तुर्कांच्या हद्दीतल्या फाव इथे उतरली. ही डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली, मागे रेटली गेली आणि कुत शहरात वेढली गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार उपासमारीने खंगलेल्या माणसांनी तिथे शरणागती पत्करली. त्यांतले हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

साताऱ्याजवळच्या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात वेगवेगळ्या आघाड्यांवर मारले गेले. गावात त्यांचं स्मारक आहे. गावाचं नाव अपशिंगे मिलिटरी.