टाइपोग्राफिका, दीपावली आणि शिशाचे खिळे

१९४९ साली तिकडे लंडनहून हर्बर्ट स्पेन्सरने ‘टाइपोग्राफिका’ हे अक्षरमुद्रणाचं नियतकालिक काढलं. १९६७ पर्यंत अंक निघाले जेमतेम ३२, पण थाट बघा: मध्येच वेगळा कागद, घडीची पानं, रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो. याउलट झुरिकचं ग्राफिक डिझाइनचं नियतकालिक ‘नॉये ग्राफिक’ (१९५८ ते ६५) एकदम शिस्तीचं. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत. मला विचाराल तर पहिलंच जास्त जिवंत!

मराठीत मांडणीची ही हौस दिवाळी अंकांनी भागवली. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. संपादक तेच, मुखपृष्ठाचे चित्रकारही तेच.

खरी कसरत असायची छापखान्यात, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवताना. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीत अक्षराचा खिळा वेगळा, डोक्यावरच्या मात्रा-अनुस्वाराचा वेगळा, खालच्या उकाराचा आणखी वेगळा. म्हणजे एकच ओळ जुळवायची, पण तीन थरांत! कलकत्त्याकडे मात्र ‘अखंड’ पद्धत होती, तिच्यात असे थर नसायचे.

हे सगळं मुळापासून वाचायचं असेल तर बापूराव नाईकांचं ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) शोधा. तीन खंड आहेत, रद्दीत दिसले तर घासाघीस न करता उचला.