नादारी आणि लपविलेली मालमत्ता

कर्जाने पिचलेला माणूस वकिलाकडे गेला की बहुधा पहिला प्रश्न विचारतो, "दिवाळे काढले की देणे बुडते ना?" हा समज अर्धाच खरा आहे, म्हणून घातक आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात अशीच एक गोष्ट येते. एक ऋणको सावकारांना चुकवून भिक्षू झाला. तेव्हा तथागतांनी ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला 'तू ऋणमुक्त आहेस ना?' असे विचारतात ते यामुळेच.

आपल्या जिल्ह्यात व्यक्तीच्या नादारीला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरता अमलात आला. न्यायालयाने नादार ठरविले की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते व धनकोंत वाटली जाते. पुढे ऋणको मुक्ततेचा अर्ज करतो. खरी परीक्षा तेथे असते.

समजा, नृसिंहवाडीत एकाचे पेढ्याचे दुकान होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माल नासला, उधारी थकली. कलम ४२ म्हणते, देण्याच्या मानाने रुपयास आठ आणेही निघत नसतील तर पूर्ण मुक्तता देऊ नये. मात्र ज्या कारणांसाठी ऋणकोला न्यायाने जबाबदार धरता येत नाही, त्यांमुळे तशी स्थिती आली असेल तर ही आडकाठी राहत नाही. महापूर हे तसले कारण म्हणून मांडता येते.

पण याच गृहस्थाने पाणी ओसरताच दागिने मेहुण्याकडे ठेवले आणि जागा पुतण्याला बक्षीस लिहून दिली तर? मालमत्ता लपविल्याचे सिद्ध झाले की पूर्ण मुक्तता नाकारलीच जाते. बक्षीसपत्रानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल होऊन तो नादार ठरला, तर ते पत्रही रद्द होऊ शकते. शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते ती वेगळीच. पूर खरा होता, पण आता त्याची ढाल उपयोगाची नाही. मुक्तता न मिळालेल्या नादाराला विधानसभा किंवा लोकसभाही लढविता येत नाही.

आणि मुक्तता मिळाली तरी लबाडीने केलेले देणे फिटत नाही, असे कलम ४४ सांगते. संस्थेचा निधी गिळणाऱ्या खजिनदाराने हे कलम आधी वाचावे!

लपविण्याची गरजही फारशी नसते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती येत नाही. बाकी सर्व अर्जात लिहावे. गेल्या तीन वर्षांच्या हिशेबवह्या नीट ठेवाव्यात, कारण धंद्याच्या वह्या न ठेवणे हेही मुक्तता अडण्याचे कारण आहे. वह्या पुरात भिजल्या असतील तर पंचनाम्यात तशी नोंद करून घ्यावी.