‘सूनर’ या नावाची कथा

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या रहिवाशांस ‘सूनर’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘अधिक लवकर’ एवढाच. परंतु त्याच्या पोटी एक लबाडी दडलेली आहे.

२२ एप्रिल १८८९ रोजी तेथील सुमारे २० लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली व्हावयाची होती. सीमेवर घोडेस्वार, गाडीवान आणि पायी आलेले लोक यांची एकच दाटी झाली. दुपारी बारा वाजता इशारा व्हावा, सर्वांनी धावत सुटावे आणि जो प्रथम खुंटी ठोकील त्याने १६० एकरांपर्यंत हक्क सांगावा, असे ठरले होते. वेळेपूर्वी शिरणाऱ्यास जमीन मिळणार नाही, असे कायद्यातच लिहिले होते. तरीही कित्येक जण आधीच चोरून शिरले व झाडाझुडपांत दडून बसले. धापा टाकीत आलेल्यांना उत्तम जागी यांच्याच खुंट्या दिसल्या! त्यावरून तंटे माजले, खटले चालले. या घुसखोरांनाच ‘सूनर’ हे नाव पडले. आपला ‘आगाऊ’ हा शब्द त्यांना दोन्ही अर्थांनी शोभला असता.

पुढे या नावातील डंख नाहीसा झाला. १९०८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने ते धारण केले आणि हळूहळू साऱ्या राज्याने अभिमानाने स्वीकारले.

मात्र नियम पाळून धावलेलेही तेथे पहिले नव्हते. ती भूमी सरकारने क्रीक व सेमिनोल या आदिवासी जमातींकडून घेतली होती. आणि त्यांनाही पूर्वी आपल्या मूळ प्रदेशातून हुसकावून तेथे आणले होते. ‘ओक्लाहोमा’ हे राज्याचे नाव चॉक्टॉ या दुसऱ्या आदिवासी जमातीच्या भाषेतील आहे. त्याचा अर्थ ‘तांबडी माणसे’.