रात्रीच्या उड्डाणाची तयारी दिवसा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या डेव्हन परगण्यात अनेक गावांच्या खेळाच्या मैदानांजवळ खास दिवे बसवले आहेत. ते खेळासाठी नाहीत. रात्री हवाई रुग्णवाहिका, म्हणजे वैद्यकीय हेलिकॉप्टर, तिथे उतरणार असेल तेव्हा ते दूरवरून चालू केले जातात. आधी पाहणी करून निवडलेल्या अशा दीडशेहून अधिक जागा या परगण्यात आहेत. हेलिकॉप्टर तर कुठेही उतरू शकते, मग एवढा खटाटोप कशासाठी?

दिवसा वैमानिक वरून घिरट्या घालून जमिनीचा उतार, झाडे आणि वाऱ्याची दिशा पाहून घेतो. रात्री अनोळखी शेतात यातले फारच थोडे दिसते. सर्वांत मोठी धास्ती असते ती विजेच्या तारांची. बारीक तार दिवसाही आकाशातून नीट दिसत नाही. वैमानिक खांब शोधतो आणि त्यावरून तारेचा अंदाज बांधतो. अंधारात खांबही हरवतात.

दुसरा धोका धुळीचा. पंख्याच्या झोताने कोरड्या जमिनीवरची माती उसळते आणि अगदी शेवटच्या क्षणी, जमीन काही फुटांवर असताना, समोरचे सारे दिसेनासे होते. हेलिकॉप्टर कोणत्या बाजूला सरकते आहे, हेही मग कळत नाही.

त्यातच डोळेही फसवतात. काळोखात एकाच दिव्याकडे टक लावून पाहिले, तर स्थिर दिवा हलल्यासारखा वाटतो. आजूबाजूला दिवे नसलेल्या जागेकडे उतरताना आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत, असा भास होतो आणि हेलिकॉप्टर गरजेपेक्षा खाली येऊ शकते. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. मदतीच्या भावनेने कुणी वर मारलेला बॅटरीचा झोत ही सवय क्षणात मोडतो.

रात्री पाहण्याच्या खास चष्म्यांमुळे बरीच मदत होते. ब्रिटनमध्ये २०१३ साली ईस्ट अँग्लियाच्या हवाई रुग्णवाहिकेने असे चष्मे वापरून दिवे नसलेल्या जागी रात्री उतरायला सुरुवात केली. मात्र या चष्म्यांतून साधारण ४० अंशांचाच भाग दिसतो, अंतराचा अंदाज कच्चा राहतो आणि तारा हुलकावणी देतातच.

याखेरीज एक धोका मनातला असतो. खाली रुग्ण तडफडतो आहे हे कळले, की 'नाही' म्हणणे अवघड होते. अमेरिकेत जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या काळात वैद्यकीय विमाने आणि हेलिकॉप्टर यांचे ५५ अपघात झाले आणि त्यांत ५४ जण दगावले. आता तिथल्या अनेक सेवांमध्ये उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाचे वय किंवा अवस्था सांगितली जात नाही. त्याने फक्त हवामान आणि जागा पाहून ठरवायचे. पथकातल्या एकानेही नकार दिला, तर उड्डाण रद्द होते. लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेचे डॉक्टर तर रात्री मोटारीनेच जातात.

आपल्याकडेही हा विषय दूरचा नाही. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशच्या 'एम्स'ची हेली-रुग्णवाहिका केदारनाथला उतरताना आदळली आणि तिची शेपटी तुटली. आतले सर्व जण बचावले. हे भरदिवसा घडले होते.

हवाई रुग्णसेवा रात्रीही हवी असेल, तर नुसती हेलिकॉप्टर घेऊन भागणार नाही. तालुक्यातले कोणते मैदान सपाट आहे, त्याच्या कडेने तारा कुठून जातात, रुग्णवाहिका तिथवर पोहोचते का, याची नोंद दिवसाउजेडी झालेली असावी लागते.

जमिनीवरच्या माणसांसाठीही काही नियम आहेत. ताडपत्री, प्लास्टिक, पत्रे आधीच दूर करावेत. तारा कुठे आहेत ते नियंत्रण कक्षाला सांगावे. प्रकाशाचा झोत वैमानिकाकडे मारू नये. पथकातल्या माणसाने खूण केल्याशिवाय जवळ जाऊ नये आणि शेपटीकडे तर मुळीच फिरकू नये. तिथला फिरता पंखा रात्री दिसत नाही.