स्वस्त गाडी, शहाणं इंजिन

नैरोबी, कंपाला, किसुमू. पूर्व आफ्रिकेतलं कुठलंही शहर घ्या आणि चौकात भाड्यासाठी उभ्या असलेल्या मोटरसायकलींमधल्या एखाद्या चिनी गाडीपाशी खाली वाका. टाकीवरच्या नावाकडे लक्ष देऊ नका, अशी नावं ढीगभर आहेत. इंजिनाच्या खालच्या कडेवरची धूळ तेवढी बोटानं पुसा. बहुधा तिथे कोरलेलं दिसेल : १६२एफएमजे.

ही त्या इंजिनाची जन्मपत्रिका आहे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. ६२ म्हणजे त्या सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे हवेनं थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं आणि शेवटचा जे म्हणजे दीडशे सीसीचा गट. १५६एफएमआय दिसलं तर व्यास ५६ आणि गट सव्वाशेचा. पिस्टन बसला, रिंगा गेल्या, तर गाडी कुठल्या कंपनीची हे सांगायची गरजच नाही. हा कोड सांगितला की दुकानदार फळीवरून नेमका डबा काढतो. कारण वरची नावं कितीही वेगळी असली, तरी यांतल्या असंख्य गाड्यांच्या पोटात एकाच पूर्वजाची नक्कल धडधडत असते : होंडाची सीजी १२५.

हा पूर्वज फार विलक्षण आहे. १९७०च्या दशकात होंडाची लहान इंजिनं विकसनशील देशांत पोहोचली आणि तिथे अकाली मोडायला लागली. त्यांचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर, सिलिंडरच्या डोक्यात होता. तिथपर्यंत स्वच्छ ऑइल सतत पोहोचलं नाही तर तो घासून संपतो. आणि गाडीवर तिघं-चौघं, वर पोती, खाली धूळ अशी रोजची धावपळ असताना वेळेवर ऑइल बदलणार कोण? होंडाच्या इंजिनिअरांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःला विचारलं, ऑइलकडे दुर्लक्ष होणारच असं धरून चाललो तर इंजिन कसं असेल?

उत्तर आलं १९७६ च्या सुमारास, आणि ते उलट्या दिशेचं वाटावं असं होतं. कॅमशाफ्ट त्यांनी डोक्यातून काढला आणि खाली आणला, पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या शेजारी, जिथे ऑइल उडतच असतं. टायमिंग चेन रद्द. क्रँकवरचं दातेरी चाक थेट कॅमचं चाक फिरवतं, म्हणजे सैल व्हायला चेनच नाही. व्हॉल्व्ह उघडायला दोन लांब सळ्या खालून वर जातात. कॅमवर साधारणपणे इनटेकचा एक आणि एक्झॉस्टचा एक असे दोन उंचवटे लागतात. इथे एकच आहे! त्या एकाच उंचवट्याला दोन वेगळ्या कोनांतून दोन फॉलोअर टेकलेले आहेत. तो आधी एकाला ढकलतो, थोडा फिरून दुसऱ्याला.

फिल्टर तर याहून भारी. कागदाचा फिल्टर कोणी विकत घेऊन बदलणार नाही, हे गृहीतच धरलेलं. म्हणून क्रँकच्या उजव्या टोकाला एक पोकळ डबी बसवली आणि ऑइल तिच्यातून जाऊ दिलं. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना त्या डबीच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर तयार होतो. ऑइलमधली धातूची भुकटी आणि काजळी त्या जोरानं बाहेरच्या भिंतीवर जाऊन चिकटते, स्वच्छ ऑइल पुढे जातं. उजवं कव्हर काढून ती डबी उघडली की आत काळा, मऊ चिखलासारखा थर सापडतो. बोटानं खरवडा, पेट्रोलनं धुवा, परत लावा. बदलायला काही नाहीच.

हे इंजिन ब्राझीलमध्ये मनौसच्या कारखान्यात बनू लागलं. पाकिस्तानात त्याच धाटणीची सीजी १२५ आजही नवीकोरी मिळते. आणि चीनमध्ये, विशेषतः चोंगचिंग शहराभोवती, त्याचं काहीतरी वेगळंच झालं. तिथल्या गाडी जोडणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक भागाची बारीक आरेखनं काढत बसण्याऐवजी मोजकी मापं पक्की धरली : भोकं कुठे, व्यास किती, वजन किती. बाकीचं कार्बोरेटरवाल्यानं, सिलिंडरवाल्यानं, क्लचवाल्यानं आपापसांत जुळवून घ्यायचं. त्यामुळे एकाचा कार्बोरेटर दुसऱ्याच्या इंजिनावर बसू लागला आणि किमती कोसळल्या. १९९३ पर्यंत चीन मोटरसायकलींच्या उत्पादनात जपानच्याही पुढे गेला. पुढे २००८ मध्ये केनियानं २५० सीसीखालच्या मोटरसायकलींना कर माफ केला आणि ही गाडी गावोगाव पोहोचली.

मग ती बिघडते कशानं? गाभा तर उत्तम आहे, वर्षानुवर्षं घासूनपुसून पक्का झालेला. पैसे वाचवले जातात ते कडेकडेच्या गोष्टींत : वायर, रबर, बेअरिंग आणि सगळ्यात जास्त बोल्टांत. माझ्या मते स्वस्त गाडी घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी इंजिनाकडे बघूच नये, पाने घेऊन बसावं.

याचं कारण समजून घ्यायला पिस्टनकडे या. ६००० फेऱ्यांवर तो सेकंदाला शंभर वेळा वर आणि शंभर वेळा खाली जातो. म्हणजे दर सेकंदाला दोनशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाशी त्याला मागे खेचणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून जास्त असतो. पिस्टन समजा शंभर ग्रॅमचा असेल, तर त्या क्षणी त्याला खेचायला शंभर किलोहून अधिक जोर लागतो! एका सिलिंडरच्या या इंजिनात हा हिसका पुरता शमवायची सोय नाही. तो फ्रेममधून, हँडलमधून, प्रत्येक नट-बोल्टमधून जातो.

पण बोल्ट मुळात टिकतो कशामुळे? आट्यांत अडकल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे पान्यानं आवळताना आपण पोलादाचा तो दांडा ताणत असतो, मिलिमीटरचा काही शतांश भाग. ताणलेला दांडा आखडायला बघतो आणि दोन भागांना घट्ट दाबून धरतो. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं दाखवून दिलं, की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या थरथरीनं. आटा म्हणजे गुंडाळलेला उतार. उतारावर ठेवलेली जड ट्रंक घर्षणामुळे जागची हलत नाही, पण तिला डावी-उजवीकडे हलवत राहिलात तर प्रत्येक हेलकाव्यागणिक ती थोडी खाली घसरते. घर्षण आडव्या सरकण्यात खर्ची पडतं आणि उताराला अडवायला काही उरत नाही. बोल्ट अगदी तसाच, कोणी हात न लावता, स्वतः उलगडत जातो.

ताण पुरेसा असेल तर मात्र जोडलेले भाग आडवे सरकतच नाहीत, आणि सगळं प्रकरण सुरूच होत नाही. इथे पोलादाचा कस लागतो. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असतो. पहिला आठ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. आठ मिलिमीटरचा असा एक बोल्ट दोन टनांहून जास्त ओढ सोसून पुन्हा मूळ लांबीवर येतो. करंगळीपेक्षा बारीक वस्तू! डोक्यावर आकडाच नसलेला मऊ बोल्ट त्याच्या निम्म्यातच लांबतो, ताण गमावतो, आणि मग युंकरची थरथर आपलं काम करते.

म्हणून इंजिनाचे माउंट, मागचा स्प्रॉकेट, ब्रेकचा आधार आणि हँडल यांचे बोल्ट एकेक करून ८.८ चे बदलावेत, आट्यांना चिकटणारं द्रावण लावावं आणि नट व फ्रेम यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. आफ्रिकेत आता पुण्याच्या बजाजची बॉक्सरही मोठ्या संख्येनं धावते. ती या चिनी गाड्यांची तगडी प्रतिस्पर्धी आहे, पण एका सिलिंडरची थरथर तिलाही सोडत नाही. रेघ तिलाही उपयोगाची.

गाडी चोकवर सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते, ही दुसरी नेहमीची तक्रार. याचा गुन्हेगार जवळजवळ नेहमी एकच असतो, पायलट जेट. कार्बोरेटरच्या पोटातलं हे पितळी नळकांडं. त्याचं भोक साधारण ०.३८ मिलिमीटर. गाडी स्लोवर उभी असताना इंजिनाचं सगळं खाणं याच भोकातून जातं. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते, आणि हे प्रमाण एवढंसं भोक सांभाळतं. गाडी काही आठवडे पडून राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळट थर राहतो. भोक थोडं आकसलं तरी हिशोब बिघडतो. जेट काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा गोल ठिपका स्वच्छ दिसायला हवा. नसेल तर वायरीतली तांब्याची एक तार घालून साफ करा. पोलादी सुई कधीही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होईल.

टॅपेटची गोष्ट मला यांत सगळ्यात सुंदर वाटते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात, इंजिन थंड असताना, ०.०८ मिलिमीटर फट ठेवायची असते, जेमतेम केसाच्या जाडीएवढी. ती फट असल्यामुळे टिकटिक ऐकू येते, आणि नवा मालक म्हणतो, आवाज बंद करा. पण ऐका! एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं तोंड सातशे अंशांच्या आसपास तापतं. त्याची बरीचशी उष्णता जाते ती तो सीटवर टेकतो तेवढ्या वेळात. फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, उष्णता अडकते आणि कड जळते. टिकटिक वाजणारा टॅपेट तुम्हाला सांगत असतो की व्हॉल्व्ह बंद होतोय. एकदम शांत झालेल्या इंजिनाची धास्ती घ्यावी. फट मोजायच्या फीलर गेजचं पान किंचित अडखळत सरकलं की फट बरोबर.

मागचं चाक फिरवणारी चेन ताणली जाते म्हणतात, तिचं पोलाद मात्र लांबत नसतं. शंभराहून जास्त कड्यांतली प्रत्येक पिन किंचित झिजते, आणि ०.१ मिलिमीटरची ती झीज बेरजेनं सेंटिमीटरच्या पुढे जाते. ऑइल लावत राहा, एवढंच.

शेवटी सगळ्यांना रडवणारा बिघाड : गाडी वीस मिनिटं छान चालते, मग अचानक मरते, आणि थोडी थंड झाली की पुन्हा सुरू. पेट्रोल तपासून झालं, प्लग बदलून झाला, तरी तेच. आता डाव्या कव्हरखालची पिकअप कॉइल बघा. क्रँकबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवरचा छोटा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, इशारा देते आणि ठिणगी पडते. ६००० फेऱ्यांवर क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा ३६ हजारावा भाग लागतो, तरी इशारा बरोबर जागी पडतो. त्या कॉइलमधली तार केसासारखी बारीक. तिच्यात कुठे बारीकशी चीर असली तर थंड असताना दोन्ही टोकं टेकलेली राहतात, तापून सगळं प्रसरण पावलं की ती दूर होतात, ठिणगी बंद. मल्टिमीटर लावून थंड कॉइलचा रोध मोजा, तो साधारण शंभर-दोनशे ओहम येतो. मग गाडी तापून बंद पडल्या पडल्या पुन्हा मोजा. आकडा उडाला असेल तर दोन स्क्रू काढा, नवी कॉइल बसवा आणि किक मारा. बॅटरी पूर्ण उतरलेली असली तरी चालेल, कारण या जातीच्या बऱ्याच इंजिनांत ठिणगीची वीजसुद्धा त्याच मॅग्नेटवर, तुमच्या पायाच्या जोरावर तयार होते.